फाटे फोडणारी पुस्तकं

एडवर्ड पॅकर्ड हा अमेरिकी वकील रात्री मुलींना गोष्टी सांगत असे. एकदा बेटावर अडकलेल्या नायकाचं पुढे काय करावं, हे त्याला सुचेना. त्यानं मुलींनाच विचारलं आणि उत्तरं वेगवेगळी आली. त्यातून निघालेलं ‘शुगरकेन आयलंड’ १९७६ साली छापलं गेलं. १९७९मध्ये बॅण्टम प्रकाशनानं पॅकर्डच्याच ‘द केव्ह ऑफ टाइम’पासून ‘चूझ युवर ओन अ‍ॅडव्हेंचर’ ही मालिका सुरू केली. पान संपलं की वाचकाला प्रश्न: आत शिरायचं की मागे फिरायचं? उत्तराप्रमाणे अमुक पानावर जा. त्या पहिल्या पुस्तकाला ४० शेवट होते. १९९८पर्यंत मालिकेत १८०हून अधिक पुस्तकं निघाली, खप २५ कोटींच्या घरात गेला. १९८२ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांनी ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ आणलं. त्यात कथेचे ४०० तुकडे, वर दोन फासे.

मोबाइलवरचे खेळ आले तरी ही पुस्तकं टिकली. मुलांना सत्ता हवी असते आणि इथे ती मिळते, असं कारण सहसा सांगतात. मला ते अर्धंच पटतं. असं पुस्तक वाचणाऱ्या मुलाचा हात पाहा. आधीच्या पानात एक बोट अडकवलेलं असतं. राक्षसानं गिळलं की निमूट त्या पानावर परत यायचं आणि दुसरा रस्ता धरायचा. खरी गोडी या परतण्यात आहे. चुकलं तर खोडता येतं, कोणी गुण कापत नाही. पॅकर्डला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’मध्ये एका सुखी ग्रहाचं पान आहे, पण कुठल्याच निवडीतून तिथे पोहोचता येत नाही. नियम मोडून पानं चाळणाऱ्यालाच ते सापडतं. लबाडीला लेखकानंच आशीर्वाद दिला! प्रेक्षकालाच निवड करायला लावणाऱ्या नेटफ्लिक्सच्या ‘बँडरस्नॅच’ या चित्रपटाची २०१८मध्ये खूप चर्चा झाली, पण पडद्यात बोट अडकवता येत नाही.

म्हणून ही सगळी पुस्तकं चांगली आहेत असं नाही. बरीचशी पातळ आहेत. डावं दार की उजवं, असा प्रश्न पडतो आणि ठरवायला हाताशी काहीच नसतं. मग निवड कसली, तो छापा-काटा. त्यावर मरण आलं की मूल हसतं आणि विसरतं.

आपल्याकडचा वेताळ याहून कसलेला आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त असलेला आणि ‘चांदोबा’तून मराठी घरांत शिरलेला हा वेताळ राजाला वाट विचारत नाही, न्याय विचारतो. दोष कोणाचा, हक्क कोणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. दोन्हीकडून कोंडी. अशी निवड लहान वाचकाला दिवसभर पुरते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही काही घरांत कावळ्याला चटका बसतो, काही घरांत चिमणी त्याला शेवटी आत घेते. आज कुठला शेवट, हे ऐकणाऱ्याच्या हट्टावर ठरतं.

इतकी तयारी असून मराठीत फाट्यांच्या पुस्तकांची परंपरा रुजली नाही. यात प्रकाशकांचा हिशेब आहे. पानांचे आकडे सांभाळणं कटकटीचं असतं, एक आकडा चुकला की गोष्ट तुटते. वाचनालयातल्या प्रतीचं एक पान फाटलं तर चार वाटा बंद. पण माझ्या मते मोठा अडसर व्याकरणाचा आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही. मराठीत ‘तू गुहेत शिरलास’ म्हटलं की सगळ्या मुली पुस्तकाबाहेर. ‘शिरलास/शिरलीस’ असं छापलं तर साहसकथेचा सरकारी अर्ज होतो. ‘तुम्ही शिरलात’ चालतं, पण वाघ मागे लागलेल्या नऊ वर्षांच्या पोराला अहो-जाहो कोण करेल? आणि साहसकथा तर जाणं, पळणं, चढणं, पडणं यांवरच चालते. नेमकी हीच क्रियापदं लिंग उघड करतात.

वाट मात्र मराठीतच आहे. ‘तू घाबरलास’ऐवजी ‘तुझ्या पोटात गोळा आला’. ‘तू पळालास’ऐवजी ‘तू धूम ठोकलीस’. ‘तू दार उघडलंस’, ‘तुला पावलं ऐकू आली’, ‘आता काय करशील?’ यांतल्या एकाही वाक्यात वाचक मुलगा की मुलगी हे कळत नाही. शिवाय ही वाक्यं पहिल्यापेक्षा जास्त जिवंत आहेत. नुसत्या अनुवादातून हे साधणार नाही. पहिल्या ओळीपासून मराठीत रचणाराच लेखक त्याला हवा.

अशा पुस्तकाला विषयही दूर शोधायला नको, एक तर पनवेलच्या दारातच आहे. गोवा महामार्गावरून जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुलं शाळेच्या सहलीत तिथे पक्षी पाहून येतात, किल्ल्याची कथा त्यांना क्वचितच कोणी सांगतं. १६६५च्या पुरंदरच्या तहात मुघलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता, १६७०मध्ये तो परत घेतला गेला. समजा, वाचक त्या १६६५ साली गडावरच्या शिबंदीतलं एक पोर आहे. गड सोडायचा हुकूम येतो. आणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा? कोठारातलं धान्य खाली न्यायचं की लपवायचं? रडणाऱ्या बापाला काय सांगायचं? गड जाणार, हे कुठल्याही पानावर बदलत नाही. बदलतं ते वाचकाचं वागणं. अशा पुस्तकाला ४० शेवट नकोत, चार पुरेत, पण चारही सोसावे लागतील असे हवेत.

त्यासाठी महागडी योजना लागत नाही. २००९पासून ट्वाइन हे फुकट साधन उपलब्ध आहे. त्यात वाटांचा आराखडा पडद्यावर मांडता येतो आणि सातवी-आठवीतली मुलंही ते शिकू शकतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे. बालसाहित्याचे दिवाळी अंक दरवर्षी येतात आणि त्यांत कोडी, चक्रव्यूह ठरलेले असतात. संपादकांनी त्या पानांतली आठ पानं यंदा एका फाट्यांच्या गोष्टीला द्यावीत. छापण्याआधी मजकूर दहा-बारा मुलांच्या हातात ठेवावा आणि जिथे एकही मूल बोट अडकवून परत येत नाही, तो फाटा कापून टाकावा.