आफ्रिकी देशांतील नवीकरणीय ऊर्जाप्रकल्पांचे विकास-वित्त : दाभोळच्या अनुभवाच्या प्रकाशात एक चिकित्सा

प्रस्तावना

नागपूर-भंडारा महामार्गावरून मौद्याकडे येताना एनटीपीसीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. ५०० मेगावॅटचे दोन व ६६० मेगावॅटचे दोन असे चार संच, एकूण २३२० मेगावॅट. या केंद्राचा कोळसा, राख आणि गोसीखुर्दचे पाणी यांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु एवढे अवाढव्य भांडवल उभे राहिले कसे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी एका कागदात आहे. केंद्र सरकार, राज्य सरकार व भारतीय रिझर्व्ह बँक यांच्यातील त्रिपक्षीय करार हा तो कागद होय. राज्याच्या वीजकंपनीने केंद्रीय कंपनीचे बिल थकविले, तर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यातून ती रक्कम परस्पर वळती करण्याची तरतूद त्यात आहे. ती केवळ शोभेची नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये दामोदर खोरे महामंडळाच्या थकबाकीपोटी झारखंडच्या खात्यातून १४०० कोटींहून अधिक रुपये वळते करण्यात आले होते. ज्या कंपनीची वसुली इतकी सुरक्षित, तिला देशातील बँका व रोखेबाजार स्वस्तात आणि मुख्य म्हणजे रुपयांत कर्ज देतात.

सौर व पवनऊर्जेसाठी आफ्रिकी देशांना आंतरराष्ट्रीय संस्थांकडून जे विकास-वित्त मिळते, त्याची चिकित्सा करताना हा कागद डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. विकास-वित्ताच्या अहवालांत अलीकडे ‘जोखीम-निवारण’ हा शब्द वारंवार येतो. जोखीम खरोखरच नाहीशी होते, की एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि जात असेल तर शेवटी ती कोणाच्या पदरी पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जाण्याची गरज नाही. ते रत्नागिरी जिल्ह्यात एकदा मिळालेले आहे.

भांडवलाची किंमत

औष्णिक केंद्राला दररोज कोळसा लागतो. सूर्य आणि वारा यांचे बिल येत नाही. त्यामुळे नवीकरणीय प्रकल्पाचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि पुढील पंचवीस वर्षे त्या खर्चाची परतफेड चालते. साहजिकच विजेचा दर ठरविण्यात व्याजदराचा वाटा फार मोठा असतो. एक साधे उदाहरण घेता येईल. १ मेगावॅटच्या सौरप्रकल्पाला ४ कोटी रुपये लागले व त्यातून वर्षाला सुमारे साडेसोळा लाख युनिट वीज मिळाली, असे मानू. सर्व रक्कम २५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडायची असेल, तर ४ टक्के दराने वार्षिक हप्ता २५ ते २६ लाख रुपये येतो. १२ टक्के दराने तो ५१ लाखांवर जातो. म्हणजे ऊन तेच, पटले तीच, परंतु एका ठिकाणी युनिटमागे भांडवलाचा भार दीड रुपया आणि दुसऱ्या ठिकाणी तीन रुपये.

आफ्रिकेत सौरप्रकल्पांसाठी भांडवलाची किंमत प्रगत देशांच्या दुप्पट-तिप्पट असते, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे सांगणे आहे. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जगभर नवीकरणीय ऊर्जेत जी गुंतवणूक झाली, तिचा जेमतेम २ टक्के हिस्सा त्या खंडाच्या वाट्याला आला. सहाराच्या कडेच्या देशांत उन्हाला तोटा नाही. तोटा आहे तो स्वस्त पैशाचा. ही पोकळी भरून काढण्याचे काम जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक, जर्मनीची केएफडब्ल्यू, युरोपीय गुंतवणूक बँक आदी संस्था करतात. या संस्थांचा हेतू संशयास्पद मानण्याचे कारण नाही. पाहावयाचे आहे ते त्यांच्या करारांचे स्वरूप.

दाभोळचा पूर्वानुभव

दाभोळचा प्रकल्प नवीकरणीय नव्हता. तो नाफ्था व पुढे आयात वायूवर चालणार होता. तथापि परकीय भांडवल, परकीय चलनातील दर, एकच सरकारी ग्राहक आणि सरकारी हमी ही त्याची रचना आजच्या अनेक आफ्रिकी प्रकल्पांशी विलक्षण जुळते. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ व एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला अर्थसाहाय्य देण्यास नकार दिला. राज्याच्या गरजेच्या मानाने वीज जास्त आणि तीही महाग, असे तिचे मत होते. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार झाला. मंडळ वीज उचलो अथवा न उचलो, स्थिर आकार द्यावाच लागणार होता. दर डॉलरशी बांधलेला होता, राज्य सरकारची हमी होती, आणि त्या हमीवर केंद्र सरकारची प्रतिहमी होती. ओपिक या अमेरिकी सरकारी संस्थेने कर्जही दिले व राजकीय जोखमीचा विमाही उतरविला.

करार झाला तेव्हा डॉलरला ३१ रुपयांच्या आसपास पडत होते. २००१ मध्ये ४६-४७ रुपये पडू लागले. इंधन महागले, मंडळाला वीज पूर्ण क्षमतेने उचलता आली नाही, स्थिर आकार कमी युनिटांवर विभागला गेला आणि युनिटचा दर काही महिन्यांत सात रुपयांवर गेला. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील त्रुटींवर सविस्तर अहवाल दिला. डिसेंबरमध्ये मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. परंतु विमा उतरविणाऱ्यांचे दावे भारत सरकारला मिटवावे लागले आणि २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभारावी लागली. पुढील कित्येक वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांनी भारनियमन सोसले. अतिरिक्त विजेच्या भीतीने सुरू झालेल्या प्रकरणाचा शेवट विजेच्या तुटवड्यात व्हावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

येथे एक गोष्ट नोंदविणे न्याय्य ठरेल. दाभोळची चर्चा मराठीत बहुधा भ्रष्टाचार व स्वदेशी या दोन अंगांनी झाली. दोन्ही अंगे महत्त्वाची असली, तरी कराराची रचनाच अशी होती की सर्वजण प्रामाणिक असते तरी रुपया घसरताच मंडळ अडचणीत आले असते. या दुसऱ्या अंगाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, आणि म्हणूनच तो धडा इतरांच्या उपयोगी पडला नाही.

तुर्काना आणि बांगवेउलू

केनियातील तुर्काना सरोवराजवळचा ३१० मेगावॅटचा पवनप्रकल्प हा आफ्रिकेतील विकास-वित्ताचा आदर्श म्हणून सांगितला जातो. ३६५ पवनचक्क्या, आफ्रिकी विकास बँकेचा पुढाकार, युरोपीय संस्थांची कर्जे. जागतिक बँक मात्र २०१२ मध्ये यातून बाहेर पडली. कारण जवळजवळ तेच, एवढी वीज वापरली जाईल काय ही शंका व न उचललेल्या विजेचेही पैसे देण्याची अट. पवनचक्क्या २०१७ च्या प्रारंभी उभ्या राहिल्या, परंतु वीज वाहून नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची सरकारी वाहिनी तयार नव्हती. तिचे काम करणारी स्पॅनिश कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. वाहिनी २०१८ मध्ये पूर्ण झाली. मधल्या काळात न वाहिलेल्या विजेपोटी केनियावर अब्जावधी शिलिंगांचा बोजा आला. दर युरोत ठरलेला असल्याने शिलिंग घसरला की बिल आपोआप वाढते. जमिनीची कथा वेगळीच आहे. सुमारे दीड लाख एकर चराऊ जमीन प्रकल्पाला दिली गेली, आणि ती देण्याची प्रक्रिया नियमबाह्य असल्याचा निर्णय तेथील न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. त्यानंतरही वाद मिटला नाही.

तुर्कानाच्या वाऱ्याने केनियाच्या एकूण विजेत दखल घेण्याजोगी भर घातली आहे, हे अमान्य करता येणार नाही. वारा चांगला आहे, यंत्रे चांगली आहेत. दोष जोखमीच्या वाटणीत आहे. वाहिनीच्या विलंबाची, मागणीच्या अंदाजाची आणि चलनाची अशा तिन्ही जोखमी अखेर वीजग्राहकाकडे व करदात्याकडे गेल्या.

झांबियाचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे दर अत्यंत कमी होता. जागतिक बँक समूहाच्या ‘स्केलिंग सोलर’ योजनेखाली २०१६ मध्ये झालेल्या लिलावात बांगवेउलू प्रकल्पासाठी युनिटला सुमारे ६ अमेरिकी सेंट हा दर मिळाला. तो आफ्रिकेतील विक्रम म्हणून गाजला. २०१९ मध्ये प्रकल्प सुरू झाला. त्याच्या कर्जदात्यांत पुन्हा ओपिक होती, दाभोळचीच ओपिक. हा दर २५ वर्षे स्थिर राहील असे सांगितले गेले. स्थिर राहिला तो डॉलरमध्ये. २०१६ मध्ये डॉलरला १० क्वाचा पडत होते, २०२१ च्या मध्यापर्यंत ते २२ च्या घरात गेले. ज्याची मिळकत क्वाचात, त्या सरकारी वीजमंडळाच्या दृष्टीने तोच ‘स्थिर’ दर पाच वर्षांत दुप्पट झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने परकीय कर्जाचा हप्ता चुकविला. त्या संकटाला एका छोट्या सौरप्रकल्पाने जन्म दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण विक्रमी दराचे कौतुक करणाऱ्या अहवालांत क्वाचाचा उल्लेख शोधावा लागतो.

याच्या शेजारी मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटचा सौरप्रकल्प ठेवून पाहावा. सल्लागार जागतिक बँक समूहातीलच संस्था, पद्धत लिलावाचीच. फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे दर मिळाला. तेथेही राज्याची हमी होती आणि थकबाकीसाठी राखीव निधीही होता. परंतु करार रुपयांत होता. चलनाची जोखीम ज्याने परकीय पैसा आणला त्याने सांभाळायची होती. एकच संस्था एका देशात रुपयांत आणि दुसऱ्यात डॉलरमध्ये करार घडविते, यामागे तत्त्वापेक्षा सौदाशक्ती आहे. भारतात देशी बँका होत्या, म्हणून रुपयांचा आग्रह धरता आला.

देशी संस्थांचा प्रश्न

ही सौदाशक्ती आकाशातून पडली नाही. अपारंपरिक ऊर्जेसाठी कर्ज देणारी इरेडा ही सरकारी संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेने पैसा थेट प्रकल्पांना न देता या संस्थेमार्फत दिला. पुढे केएफडब्ल्यू व आशियाई विकास बँक यांनीही तोच मार्ग धरला. प्रकल्प तपासणे, कर्ज देणे, वसूल करणे आणि प्रसंगी बुडविणेसुद्धा ही संस्था त्यातून शिकली. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या तर मुख्यतः करसवलतीच्या बळावर देशी पैशानेच उभ्या राहिल्या. त्यांत वीजनिर्मितीपेक्षा घसाऱ्याच्या सवलतीवर डोळा ठेवणारे गुंतवणूकदार कमी नव्हते, ही गोष्ट वेगळी.

आफ्रिकेत याला समांतर असे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथे २०११ पासूनच्या लिलावांतील करार रँडमध्ये झाले, कर्जे मुख्यतः देशी बँकांनी दिली आणि चार फेऱ्यांत सौरविजेचा दर जवळजवळ एक-चतुर्थांशावर आला. सरकारी वीजकंपनीने पुढे दोन वर्षे करारांवर स्वाक्षऱ्याच केल्या नाहीत, २०१८ मध्ये त्या झाल्या. म्हणजे देशी चलन हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. परंतु तेथील विलंबाचे रूपांतर परकीय देण्यात झाले नाही.

महाराष्ट्रातील साक्रीचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये बसते. धुळे जिल्ह्यातील शिवाजीनगर येथील महानिर्मितीच्या १२५ मेगावॅटच्या सौरप्रकल्पाला केएफडब्ल्यूने कर्ज दिले. २०१३ मध्ये तो सुरू झाला. कर्ज युरोत, उत्पन्न रुपयांत. परंतु हजारो मेगावॅटच्या औष्णिक केंद्रांची मालकी असलेल्या कंपनीला एवढ्या प्रकल्पाची चलनजोखीम पचविता येते. झांबियाच्या मंडळाला ती सोय नाही. जमिनीचा प्रश्न मात्र तुर्कानासारखाच येथेही उद्भवला, आणि स्थानिक आदिवासी कुटुंबांचा विरोध झाला. कर्जदात्याची सामाजिक मार्गदर्शक तत्त्वे जर्मनीतून कितीही काटेकोरपणे लिहिली, तरी सातबारा आणि वहिवाट यांतील अंतर त्यांना दिसत नाही.

भारत आता घेणाऱ्याच्या बाकावरून देणाऱ्याच्या बाकावर सरकू लागला आहे. २०१८ मध्ये दिल्लीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या परिषदेत १५ देशांतील २७ प्रकल्पांसाठी १.४ अब्ज डॉलरची कर्जे भारताने जाहीर केली. २०२० मध्ये त्याच आघाडीतर्फे माली व टोगो येथील सौरप्रकल्पांसाठी सल्लागार म्हणून एनटीपीसीची निवड झाली. ज्या कंपनीची मौद्यातील वसुली त्रिपक्षीय कराराने सुरक्षित झाली आहे, तीच कंपनी असा कोणताही कागद नसलेल्या देशांना प्रकल्प कसे उभारावेत हे सांगणार आहे. एक्झिम बँकेमार्फत दिली जाणारी भारताची कर्जे डॉलरमध्ये असतात आणि त्यांतील सर्वसाधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातूनच घेण्याची अट असते. दाभोळच्या वेळी अमेरिकी संस्थांच्या अशाच अटींवर महाराष्ट्राच्या विधिमंडळात व वृत्तपत्रांत कडाडून टीका झाली होती. टोगो व माली यांच्यासाठीच्या करारांत दर कोणत्या चलनात ठरेल, वाहिनीला विलंब झाल्यास भरपाई कोण देईल आणि चराऊ जमिनीची मोजणी कोणाच्या समक्ष होईल, हे प्रश्न आता भारतीय सल्लागाराच्या टेबलावर आहेत.