खुंट आणि डोळा

काटोल-नरखेडच्या नर्सरीत संत्र्याचे डोळे बांधणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष जोडावर असतं. जंभेरीचा खुंट कितीही दणकट असो, डोळा कितीही जातिवंत असो, सालीखाली दोघांचं जमलं नाही तर डोळा वाळतो. गेमच्या यंत्रातला प्रोसेसर घरच्या कॉम्प्युटरला जोडता येईल का, हा प्रश्नही जोडाचाच आहे. तो सर्वांत देखण्या रीतीनं सोडवलेला दिसतो तोशिबाच्या ‘स्पर्सएंजिन’ या २००८ च्या चिपमध्ये.

तिचं मूळ प्लेस्टेशन ३ मधलं. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेल्या ‘सेल’ प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि आठ मदतनीस कोअर होते. प्लेस्टेशनमध्ये त्यांतले सातच चालू असत. प्रत्येक मदतनीसाला स्वतःची २५६ केबी मेमरी. नेहमीच्या प्रोसेसरमध्ये लागेल तो डेटा कॅश आपणहून जवळ आणून ठेवते. इथे मदतनीसाला कॅशच नाही. काय आणायचं, केव्हा आणायचं, केव्हा परत ठेवायचं, सगळं प्रोग्रामरनं सांगायचं. प्रोग्रामर या चिपवर वैतागले ते उगीच नाही. पण ही आखणी जमली की कोअरला डेटाची वाट पाहत बसावं लागत नाही. शेजारच्या एक्सडीआर मेमरीशी सेकंदाला २५.६ जीबी ये-जा करण्याची सोय होती.

आता तोशिबानं यातून काय वगळलं ते पाहा. मुख्य कोअरच काढून टाकला! मला ही या चिपमधली सर्वांत सुंदर जागा वाटते. हुकूम सोडायला कॉम्प्युटरचा स्वतःचा प्रोसेसर आहेच. मदतनीस चार ठेवले, वेग ३.२ वरून १.५ गिगाहर्ट्झवर आणला आणि व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा चिपमध्येच बसवली. लीडटेक कंपनीनं ही चिप १२८ एमबी एक्सडीआर मेमरीसह एका कार्डावर आणली. ते कार्ड बसायचं पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत अरुंद स्लॉटमध्ये. त्या काळी त्यातून एका दिशेला सेकंदाला फार तर २५० एमबी जात. चिप आणि तिची मेमरी यांच्यातली वाट १२.८ जीबीची, म्हणजे सुमारे पन्नास पट रुंद.

एवढ्याशा जोडातून भागायचं कसं? कामच तसं निवडलं होतं. फुल एचडीची न आवळलेली चित्रं, सेकंदाला तीस धरली, तर साधारण ९३ एमबी होतात, आणि आवळताना तीच चित्रं एकमेकांशी पुन्हापुन्हा ताडून पाहावी लागतात. ती सगळी धावपळ कार्डावरच उरकते. आवळलेला व्हिडिओ मात्र सेकंदाला दोन-तीन एमबी. जोडातून तेवढाच आला-गेला की झालं.

कामाची अशी वाटणी पुण्यात आधीच झाली होती. मूळचे अकोला जिल्ह्यातले आणि नागपुरात इंजिनिअर झालेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संस्थेनं १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर वापरून ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. पुढच्या ‘परम ८६००’ मध्ये आकडेमोडीसाठी इंटेलचा आय-८६० प्रोसेसर आणला आणि ट्रान्सप्युटरकडे निरोपांची ने-आण ठेवली.

याउलट २०२१ चा एएमडी ४७००एस हा संच. त्यातली चिप प्लेस्टेशन ५ चीच मानली जाते. आठ कोअर शाबूत, पण ग्राफिक्सचा भाग बंद. बोर्डावर पक्की सोल्डर केलेली जीडीडीआर६ मेमरी एका दमात भरपूर डेटा देते, पण पहिला बाइट यायला उशीर लावते. ग्राफिक्सला ते चालतं, साध्या कामाला जाचतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं, तर लांबलचक स्लॉटमागे जुन्या पिढीच्या चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा. जे काढायचं ते ठेवलं आणि जे ठेवायचं ते बंद केलं, असा हा रसभंग.

तेव्हा बंद पडलेल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर काढून कॉम्प्युटरमध्ये बसवायचा कुणाचा बेत असेल, तर तो सोडून द्यावा. चिपखालचे शेकडो सोल्डर-बिंदू, तिची खास मेमरी, तिचा वीजपुरवठा असं सगळं नव्या बोर्डावर उभारणं घरच्या टेबलावर होत नाही. आणि व्हिडिओपुरतंच हवं असेल, तर स्पर्सएंजिनचं ते काम आज साधं ग्राफिक्स कार्डही करतं.