पाण्याखालील स्फोट : दाबाचे मापन आणि मापनाचा अर्थ

रॉबर्ट एच. कोल यांचा ‘अंडरवॉटर एक्स्प्लोजन्स’ हा ग्रंथ १९४८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात वुड्स होल येथे झालेल्या प्रयोगांचा त्याला भक्कम आधार आहे. या विषयाचा पाया म्हणून त्याला मिळालेले स्थान सर्वस्वी योग्य होय. परंतु त्यातील आलेखांचा पुढे जो उपयोग केला जातो, त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

ग्रंथाचे सामर्थ्य मापनाच्या विवेचनात आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सर्व बाजूंनी सारखा दाबला असता त्यावर विद्युत्भार निर्माण होत नाही. टूर्मलीनवर तो होतो. म्हणूनच टूर्मलीनची चकती थेट पाण्यात सोडता येते. मात्र चकतीचा व्यास एक सेंटिमीटर असला, तरी तरंगास ती ओलांडण्यास सुमारे सात मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत दाबाचे टोक नोंदीत बोथट होते. उपकरणाच्या अशा मर्यादा ध्यानी घेऊनच नोंद वाचावी लागते.

याहून मूलभूत प्रश्न निराळा आहे. १०० किलोग्रॅम टी. एन. टी.चा स्फोट झाला असता १० मीटरवर मोकळ्या पाण्यातील कमाल दाब रूढ सूत्रानुसार सुमारे २२० वातावरणे येतो, आणि तो अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळात आपल्या सुमारे ३७ टक्क्यांवर उतरतो. हाच दाब जहाजाच्या पत्र्यावर येतो असे मानणे हा प्रमाद होय. अचल भिंतीवर तो आरंभी दुप्पट होतो. पत्रा मात्र अचल नसतो. तो मागे सरू लागताच पाण्यात ताण उत्पन्न होतो.

जी. आय. टेलर यांनी १९४१ साली लिहिलेल्या व १९५० साली प्रकाशित झालेल्या निबंधात याचे गणित मांडले आहे. पाठीमागे हवा असलेल्या १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यास ते लावल्यास, वरील स्फोटात पत्र्यावरील दाब सुमारे ०.१५ मिलिसेकंदातच शून्यावर येतो. त्या क्षणी मोकळ्या पाण्यातील मापक मात्र कमाल दाबाच्या सुमारे ७३ टक्के दाब दाखवीत असतो. तोवर पत्र्यास मिळालेला आवेग अचल भिंतीस मिळणाऱ्या एकूण आवेगाच्या केवळ दहाव्या हिश्श्याइतका भरतो.

अर्थात टेलर यांचे हे गणितही येथेच थांबते. पुढे पाण्यात पोकळी निर्माण होते, ती मिटताना पत्र्यावर पुन्हा भार येतो, आणि वायूचा बुडबुडा आकुंचन पावताना नवे दाबतरंग सोडतो. तेव्हा ‘संरचनेवरील दाब’ ही एकट्या स्फोटाची राशी नव्हे. ती पाणी आणि पत्रा यांच्या परस्परक्रियेतून घडते. मोकळ्या पाण्यातील दाबाबरोबर पत्र्याचा वेग व विकृती यांचीही नोंद झाल्याखेरीज प्रयोगातून हानीविषयी अनुमान काढणे सयुक्तिक ठरणार नाही. कोल यांच्या आलेखांना प्रमाण मानणाऱ्या अभ्यासकाने ते कशाचे प्रमाण आहेत, हे प्रथम निश्चित करावयास हवे.