ज्यांची कबर दर्यात आहे

उर्दू शायरीत कबर फार आहे. मजार, कफन, जनाजा हे शब्द मी वर्गात नेहमीच शिकवते. गालिबच्या एका गझलेत तर शायराला बदनामीपेक्षा बुडून बेमजार होणे बरे वाटते. मुलांना तो शेर आवडतो. तो शिकवताना मी मात्र अडखळते.

माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, ‘तिलावा’ आगबोटीवर खलाशी. 23 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ही बोट जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवली. 280 जण मेले, 678 वाचले. घरी खबर आली, मय्यत आली नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. गायबाना जनाजाची नमाज झाली. तरी त्यांची लेक, म्हणजे माझी आजी, अखेरपर्यंत विचारत राहिली, “बाबांना मिट्टी कुठे दिली?”

गालिबची कबर दिल्लीत निजामुद्दीनला आहे, बोट दाखवून सांगता येते. त्यांचा दोष नाही. ते रूपक लिहीत होते. दोष आपल्या लिहिण्याचा आहे. आपल्या कथा-कवितांतही दर्या येतो, बंदरावर वाट पाहणारी बायको येते. पण तो माणूस सारंग होता, टिंडल होता, आगवाला की भंडारी, हे येत नाही. बोटीचे नाव तर नाहीच. दुःख येते, त्यामागची मजुरी वगळली जाते.

शोध घ्यायला बसल्यावर रूपक कामाला येत नाही. नळी जपलेली असेल तर ठीक, नाहीतर बोटीचे नाव आणि तारीख लागते. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या, समुद्राखेरीज कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावे नोंदवहीत आहेत. एक प्रत मुंबईसाठी, एक चितगावसाठी. त्यात आपले नाव शोधताना इंग्रजी हिज्जे आडवे येतात. एकच ‘शेख’ तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. मला पणजोबांची ओळ सापडली : नाव, काम, बोट, तारीख. कबर सापडली नाही, ती नव्हतीच. पण आजीच्या सवालाला जवाब मिळाला.

त्या एका ओळीत जे आहे, ते आपल्या पानभर कवितेत का नसावे? मीर अनीस यांच्या मर्सियात ‘शहीद’ एवढे म्हणून भागत नाही. कोण, कुणाचा मुलगा, कसा लढला, कसा पडला, सारे येते. म्हणून ऐकणारा आजही रडतो. हदीसमध्ये बुडून मेलेल्यालाही शहीद म्हटले आहे. मग आपल्या खलाशांच्या वाट्याला नुसता ‘दर्या’ का?

घरातली नळी, जुने पत्र, कोपऱ्यात पडलेली तार जपून ठेवा. आणि पुढची कथा लिहाल तेव्हा बोटीचे नाव अवश्य लिहा. ज्याला कबर नाही, त्याचा तेवढाच पत्ता असतो.