एका मल्लाचें चरित्र आणि त्याचे भाट

साहित्याला वाहिलेल्या मासिकांत कुस्तीगिराची चर्चा काय म्हणून, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील, आणि तो अगदींच अस्थानीं आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु एका मल्लाचें आयुष्य ज्या रीतीनें सांगितलें जातें ती रीति हा येथें माझा विषय आहे, आणि कथनाची रीति तपासणें हें तर टीकाकाराचें नित्याचें काम होय. क्यूबा बेटांतून परागंदा होऊन पुढें अमेरिकेंत धंदेवाईक लढवय्या म्हणून गाजलेला योएल रोमेरो हा या कथेचा नायक. वृत्तपत्रांतून व चित्रफितींतून त्याच्याविषयीं जें सांगितलें जातें तें मी बऱ्याच आवडीनें वाचलें व पाहिलें. त्यांतील बहुतेकांनीं माझें समाधान केलें नाहीं.

कथेचा सांगाडा असा. 1977 सालीं क्यूबाच्या पश्चिम टोंकाच्या पिनार देल रिओ प्रांतांत जन्म. 1999 सालीं अंकारा येथें 85 किलो वजनाच्या गटांत मुक्त कुस्तीचें जगज्जेतेपद. 2000 सालीं सिडनेच्या ऑलिंपिक सामन्यांत अंतिम फेरीपर्यंत मजल; तेथें रशियाच्या आदम साइतिएव्हनें त्याला चीत केलें, व रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें. 2004 सालीं अथेन्सला चौथा क्रमांक. 2007 सालीं जर्मनींतील एका स्पर्धेसाठीं गेला असतां तो संघाबरोबर परतलाच नाहीं. 2009 च्या डिसेंबरांत पहिली धंदेवाईक लढत, आणि 2013 सालीं, छत्तिशीच्या उंबरठ्यावर, यू.एफ.सी. या अमेरिकन संस्थेच्या अष्टकोनी पिंजऱ्यांत प्रवेश.

या कथेचे प्रचलित भाट तिचे दोन अध्याय पाडतात: पहिला बंदिवासाचा, दुसरा मुक्तीचा. पहिला चार वाक्यांत उरकला जातो. दुसऱ्यांत रोषणाई होते, वाद्यें वाजतात. यांतली अडचण अशी कीं, दुसऱ्या अध्यायांत जो देह आपण पाहतों तो सर्वस्वीं पहिल्या अध्यायांत घडलेला आहे. क्यूबांत 1961 सालीं ‘इंदेर’ नांवाची सरकारी क्रीडासंस्था निघाली व पुढच्याच वर्षीं धंदेवाईक खेळ बंद करण्यांत आले. पोराच्या अंगांत चमक दिसली कीं त्याला क्रीडाशाळेंत घालावयाचें, तेथून वरच्या शाळेंत, तेथून हवानाच्या राष्ट्रीय तालमींत. शिक्षण, अन्न, वस्ताद, वैद्य, सारें सरकारी. आणि मिळालेलें पदकही अर्थात् सरकारी. संस्थानिकाच्या पदरच्या पैलवानाला खुराक कोण देतो व त्याची जोड कोण ठरवितो, हें आपल्याकडील वाचकाला निराळें सांगावयास नको. राजाश्रयाचें हेंच स्वरूप. तो पोसतो आणि बांधतोहि; यांतली एकच क्रिया सांगणारा चरित्रकार अर्धेंच चरित्र सांगतो.

मात्र भाट दुसऱ्या बाजूलाही आहेत. त्याच 2007 सालीं ब्राझीलमधील स्पर्धेंत दोन क्यूबन मुष्टियोद्ध्यांनीं संघ सोडला, तेव्हां खुद्द फिडेल कास्त्रो यांनीं अशा खेळाडूला रणांगणावर सोबत्यांना टाकून जाणाऱ्या शिपायाची उपमा दिली. उपमा जोरकस आहे, पण ती तपासून पाहिली म्हणजे टिकत नाहीं. शिपाई ज्या भूमीसाठीं लढतो ती त्याच्या मागें उरते. मल्लाची भूमि म्हणजे त्याचें शरीर, आणि तें दहापंधरा वर्षांत झिजून जातें. तिसाव्या वर्षीं या भूमीचें उरलेंसुरलें पीक आपल्या घरीं यावें असें एखाद्याला वाटलें, तर त्याला फितूर म्हणण्यापूर्वीं मी तरी थांबेन. रोमेरोचा सावत्र भाऊ, मुष्टियोद्धा योआन पाब्लो हेर्नांदेस, हाही दोन वर्षें आधीं जर्मनींतच राहून गेला होता. तेव्हां हें पाऊल एका रात्रींत सुचलेलें साहस नसावें.

आतां त्याच्या लढतींकडे वळूं. या खेळांत पांच मिनिटांचा एक डाव, असे साधारणपणें तीन. विजेतेपदाची लढत असली तर पांच. कुस्तीचा जगज्जेता पिंजऱ्यांत उतरला म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याला धरून पाडील अशी कोणाचीही अपेक्षा. परंतु रोमेरोचे गाजलेले विजय मुठीचे व गुडघ्याचे आहेत, आणि त्यांतले कितीतरी तिसऱ्या डावांतले. 2014 सालीं टिम केनेडी, 2015 सालीं ल्योटो माचिदा, 2016 च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कला ख्रिस वाइडमन, 2018 सालीं पर्थला ल्यूक रॉकहोल्ड: चौघेही तिसऱ्या डावांत पडले. (केनेडीच्या वेळीं दुसऱ्या डावानंतर तो बैठकीवरून वेळेवर उठला नाहीं, हा आक्षेप खरा आहे, तो मी झांकीत नाहीं.) पहिलीं दहा मिनिटें हा मनुष्य जणूं कांहींच करीत नाहीं. उभा राहतो, खांदे हलवितो, मागें सरतो. मग प्रेक्षक कंटाळण्याच्या सुमारास एक उडी, आणि सारें संपतें. भाट याला रानटी शक्ति म्हणतात. मला त्यांत शाळा दिसते. जो बालपणापासून पंचाच्या एकेका गुणाचा हिशेब करीत वाढला, त्यालाच असें थांबतां येतें. सरकारी तालमीनें त्याला डावपेच शिकविले असतील ते असोत. थांबणें शिकविलें, तें परक्या बाजारांतही विकलें गेलें.

सदासर्वदा विकलें गेलें असें मात्र नाहीं. 2020 च्या मार्चमध्यें लास व्हेगास येथें इझ्रायल अडेसान्याशीं, म्हणजे नायजेरियांत जन्मून न्यूझीलंडांत वाढलेल्या दुसऱ्या एका स्थलांतरिताशीं, त्याची विजेतेपदासाठीं गांठ पडली. आरंभीं रोमेरो दोन्ही हात तोंडापुढें धरून एखाद्या खांबासारखा उभा राहिला. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहिले, प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली, आणि पंचवीस मिनिटांनंतर निकाल रोमेरोच्या विरुद्ध गेला. जी गोष्ट चार वेळां प्रतिभा म्हणून वाखाणली गेली तीच पांचव्या वेळीं आळस ठरली. टीकेचा हा चंचलपणा आम्हां साहित्यिकांच्या परिचयाचा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेनें त्याला सोडचिठ्ठी दिली. सरकार मल्लाला जाऊं देत नाहीं, आणि बाजार त्याला राहूं देत नाहीं.

ज्या प्रसंगानें मला हा लेख लिहावयास लावलें तो याहून लहान आहे. 27 जून 2015 रोजीं फ्लॉरिडांत माचिदाला हरविल्यावर त्यानें मोडक्यातोडक्या इंग्रजींत अमेरिकेला उद्देशून आवेशाचें भाषण केलें. येशूला विसरूं नका, असें त्याला म्हणावयाचें होतें. परंतु ‘विसरणें’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच्या तोंडून असा कांहीं उमटला कीं ऐकणाऱ्यांना तेथें समलिंगी पुरुषांचा वाचक शब्द ऐकूं आला. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास मान्यता दिली होती ती नेमकी आदल्या दिवशीं! एकच गहजब झाला. पुढें त्यानें खुलासा केला, क्षमाहि मागितली. आयुष्याचीं तीस वर्षें इंग्रजी शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग पाहून हंसूं आलें नाहीं. तरुणपणीं एका परकीय पाहुण्यापुढें माझाहि एक स्वर असाच घसरला होता, आणि त्या हंशाची आठवण अजून कानांत आहे. विजयाच्या क्षणीं, श्वासहि ठिकाणावर नसतां, परक्या भाषेंत हृदय उघडावयाचें, आणि जगानें तें भलत्याच अर्थानें उचलावयाचें! ‘मुक्तीच्या’ अध्यायांत या गोष्टीला चार विनोदी ओळींपलीकडे जागा मिळालेली मीं पाहिली नाहीं. चरित्रकाराच्या अंगीं कसब असतें तर त्यानें येथूनच कथेला आरंभ केला असता.

यू.एफ.सी.चें विजेतेपद त्याला कधींच लाभलें नाहीं. रॉबर्ट व्हिटेकरशीं तो 2017 व 2018 सालीं लढला. दोन्ही वेळां पंचांचा कौल विरुद्ध गेला, दुसऱ्यांदा तर तिघांपैकीं एक पंच त्याच्या बाजूचा होता. त्याआधीं रॉकहोल्डला लोळवूनहि पट्टा हातीं आला नाहीं, कारण तोलतांना वजन मर्यादेबाहेर भरलें. ही मर्यादा 185 पौंडांची, म्हणजे जवळजवळ 84 किलोंची. अथेन्सला सत्ताविसाव्या वर्षीं ज्या वजनावर तो उतरला होता, त्याच वजनावर चाळिशीनंतरहि त्यानें स्वतःला वाळवून आणावें, अशी ही अपेक्षा होती.

या कथेला जोडून एक दृश्य मात्र कोणाहि भाटानें सांगावें, इतकें तें स्वयंसिद्ध आहे. 2024 च्या ऑगस्टांत पॅरिसला ग्रीको-रोमन कुस्तीच्या 130 किलो गटाची अंतिम लढत झाली. एकीकडे मिहाइन लोपेस, रोमेरोच्याच पिनार देल रिओ प्रांताचा, जन्मभर क्यूबाच्याच तालमींत राहिलेला. दुसरीकडे चिलीचा यास्मानी अकोस्ता, जो एकेकाळीं त्याच क्यूबन संघांत लोपेसबरोबर सराव करीत असे, व 2015 सालीं चिलींतील स्पर्धेस गेला असतां मागें राहिला. लोपेस जिंकला. हें त्याचें पांचवें सुवर्णपदक. एकाच वैयक्तिक प्रकारांत लागोपाठ पांच ऑलिंपिक सुवर्णपदकें त्यापूर्वीं कोणी मिळविलीं नव्हतीं. मग त्यानें बूट काढले, ते गादीच्या मध्यभागीं ठेवले, आणि तो अनवाणी निघून गेला. सगळीं छायाचित्रें त्या बुटांचीं आहेत. अकोस्ता कोणत्या बाजूनें बाहेर पडला हें त्यांत दिसत नाहीं.