‘लाव्हा थंड झाला आणि खडक बनला’: या वाक्यात काय राहून गेलं?

घाटघरहून जीवधनकडे चढा नाहीतर नाणेघाटात उतरा, पायाखाली बेसॉल्टच. गडकिल्ल्यांच्या पुस्तकांपासून प्रबंधांच्या प्रस्तावनेपर्यंत त्याची ओळख एकाच ठरलेल्या वाक्यात उरकली जाते: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थंड झाला आणि खडक बनला. वाक्य खोटं नाही. पण संशोधनाची तयारी करत असाल तर त्यातल्या ‘आणि’पाशी थांबा. गोठणं हा जणू थंड होण्याचाच शेवट, त्याचा वेगळा हिशेब नाहीच!

हिशेब आहे, आणि मोठा आहे. द्रवातले अणू स्फटिकात बसताना कमी ऊर्जेच्या रचनेत जातात. फरकाची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. हाच शाळेतला अप्रकट उष्मा. पाण्यासाठी तो किलोला 334 किलोज्यूल, बेसॉल्टसाठी साधारण 400.

आता गणित करून बघा. बेसॉल्टला पाण्यासारखा एक गोठणांक नसतो; तो ढोबळमानाने 1200 ते 1000 अंशांच्या पट्ट्यात गोठतो. एक किलो लाव्हा एक अंश थंड व्हायला सुमारे 1 किलोज्यूल द्यावा लागतो, म्हणजे या पट्ट्यात 200. त्यावर गोठण्याचे 400. ‘थंड झाला’ एवढंच धरलंत, तर या टप्प्यातली दोन तृतीयांश ऊर्जा गायब. (पुढे हवेच्या तापमानापर्यंतचा हिशेब केला तर अप्रकट उष्म्याचा वाटा पावभर उरतो, हेही खरं.)

याचा परिणाम वेळेवर होतो. हवाईत किलाउआ इकी इथे 1959 मध्ये लाव्हाचं तळं साचलं. त्याच्या कवचात भोकं पाडून जाडी मोजली गेली. दोन दशकांनंतरही आत वितळलेला भाग होता. कवच जाड होतं तशी उष्णता बाहेर पडायची वाट लांबते, म्हणून दुप्पट जाडीला साधारण चौपट वेळ.

तरी 400 हा आकडा डोळे झाकून वापरू नका. आपल्याच भागात, मंचरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेजचे काही सेंटीमीटर लांबीचे स्फटिक दिसतात. एवढे मोठे स्फटिक उघड्यावर वाढत नाहीत. ते लाव्हासोबत खालूनच आले. त्यांच्या वाट्याचा उष्मा जमिनीखालीच बाहेर पडलेला. अशा प्रवाहाला पूर्ण 400 लावलेत तर चूक उलट्या दिशेने होईल. आधी उघड्या कातळावर त्या स्फटिकांचं प्रमाण मोजा, मग गणित मांडा.