स्टार-डेल्टा : गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा

आयटीआय, पदविका किंवा द्विलक्षी अभ्यासक्रमात विद्युत विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला विचारा, तीन फेजची मोटर सुरू करताना स्टार जोडणी का वापरतात? 'स्टारमध्ये प्रवाह एक-तृतीयांश होतो,' हे उत्तर तयार असते. मग विचारा, तर मोटर कायम स्टारमध्येच चालवून वीज का वाचवू नये? येथे बरेच जण अडखळतात, काही तर होकारच देतात. दोष त्यांचा नाही. हा विषय शिकवण्याच्या रूढ पद्धतीचा आहे.

पद्धत अशी. फळ्यावर तीन समान रोध काढायचे, समजा प्रत्येकी ४१.५ ओहम. ४१५ व्होल्टला डेल्टा जोडणीत प्रत्येक रोधातून १० अँपिअर आणि लाइनमधून १७.३ अँपिअर प्रवाह जातो. स्टारमध्ये प्रत्येक रोधाला सुमारे २४० व्होल्टच मिळतात, त्यामुळे लाइनचा प्रवाह ५.८ अँपिअर, म्हणजे एक-तृतीयांश होतो. यानंतर 'रोध' या शब्दाच्या जागी अलगद 'मोटर' हा शब्द येतो आणि पाठ संपतो.

गणितात चूक नाही. पण मोटर म्हणजे रोध नव्हे. रोटर स्थिर असतो त्या क्षणी मात्र ती जवळपास तशी वागते, म्हणून नियम तेथे लागू पडतो. थेट सुरू केल्यास पूर्ण भाराच्या पाच ते सात पट होणारा प्रवाह स्टारमुळे दुपटीच्या आसपास राहतो. एकदा रोटर वेगात फिरू लागला, की प्रवाह किती घ्यायचा हे मुख्यतः भार ठरवतो.

दुसरी उणीव टॉर्कची. टॉर्क दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून स्टारमध्ये तोही एक-तृतीयांश होतो. सुरुवातीला पूर्ण भाराच्या दीडपट टॉर्क देणारी मोटर स्टारमध्ये निम्माच देईल. सेंट्रिफ्यूगल पंपाला ते पुरते, कारण कमी वेगात त्याचा भार अल्प असतो. मालाने भरलेला वाहक पट्टा मात्र जागचा हलणार नाही.

आता चालू मोटरकडे पाहू. समजा, तिचा पूर्ण भाराचा लाइन-प्रवाह २६ अँपिअर आहे. डेल्टामध्ये प्रत्येक गुंडाळीतून १५ अँपिअर जातात. ही मोटर पाऊण भारावर स्टारमध्ये चालवली, तर काय होईल? काम तेवढेच असल्याने पुरवठ्यातून जवळपास तेवढीच शक्ती घ्यावी लागते. चुंबकनाचा प्रवाह बाजूला ठेवून केलेल्या स्थूल हिशोबाने लाइनमध्ये दोन्ही जोडण्यांत साडेएकोणीस अँपिअर येतात. पण डेल्टामध्ये गुंडाळीतून ११.३ अँपिअर जातात, तर स्टारमध्ये लाइनचा सगळाच प्रवाह गुंडाळीतून जातो. पंधराच्या जागी साडेएकोणीस, म्हणजे पूर्ण भाराच्याही १.७ पट उष्णता! शिवाय रोटर मागे पडत असल्याने प्रत्यक्ष स्थिती याहून वाईट असते.

स्टार्टरमधील टायमर बिघडून मोटर स्टारमध्येच अडकली, तर हेच घडते. ओव्हरलोड रिले मुख्य लाइनमध्ये असून २६ अँपिअरला लावलेला असेल, तर तो स्वस्थ बसतो आणि गुंडाळी जळते. रिले गुंडाळीच्या प्रवाहमार्गात असून १५ अँपिअरला लावला असेल, तर मोटर वाचते. 'प्रवाह एक-तृतीयांश' एवढेच पाठ केलेल्या वायरमनला हा फरक कसा उमगावा? मोटर जळण्याचा आणि गुंडाळी पुन्हा भरण्याचा खर्च मात्र पंपाच्या मालकावर पडतो.

स्टारमध्ये बचत कधीच होत नाही, असेही नाही. भार सतत एक-तृतीयांशाहून कमी असेल, तर चुंबकनाचा प्रवाह आणि गाभ्यातील व्यय घटल्याने थोडी वीज वाचू शकते. पण ही अट सांगितल्याशिवाय ते विधान करू नये.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की रोधांच्या आकृतीआधी सेलवर चालणारी खेळण्यातील मोटर अँमीटरसह जोडावी आणि तिचा दांडा हलकेच चिमटीत धरावा. दाब जवळपास तोच असताना काटा वर चढतो. ही डीसी मोटर असली, तरी मोटर हा साधा रोध नाही, हे वर्गाला त्यातून दिसते. ४१५ व्होल्टचे प्रयोग मात्र वर्गात करू नयेत. त्यानंतर स्टार-डेल्टाविषयीच्या प्रत्येक विधानाला विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : प्रवाह लाइनचा की गुंडाळीचा? मोटर थांबलेली की चालू? आणि भार किती?